उखडलेले डांबर कोणाच्या मालकीचे?

पावसाळा सरला की शहरोशहरी रस्त्यांची टेंडरे निघतात. रात्री मिलिंग मशीन येते, जुन्या रस्त्याचा वरचा थर खरवडते आणि काळा चुरा डंपरमध्ये ओतत जाते. पहाटेपूर्वी डंपर निघून गेलेले असतात. मग नवा थर पडतो, रोलर फिरतो आणि यथावकाश बिल मंजूर होते. परंतु रात्री गेलेला माल कुठे गेला, त्याचे वजन कोणी केले, हा प्रश्न पालिकेच्या सभागृहात क्वचितच निघतो. हा प्रश्न आता कामगार संघटनांनी विचारला पाहिजे.

कारण तो चुरा म्हणजे राडारोडा नव्हे. डांबरी रस्त्याच्या मिश्रणात वजनाने सुमारे ९५ टक्के खडी व चुरी आणि ५ टक्क्यांच्या आसपास डांबर असते. रस्ता जुना झाला म्हणून खडी निकामी होत नाही. डांबर उन्हाने व हवेने कडक होते, पण योग्य प्रक्रियेने तेही पुन्हा कामाला येते. साधा हिशेब मांडून पाहू. एक किलोमीटर लांब आणि ७ मीटर रुंद रस्ता ४ सेंटिमीटर खोल खरवडला तर २८० घनमीटर, म्हणजे अंदाजे ६५० टन माल निघतो. त्यात तीसएक टन डांबर असते. त्या रस्त्याच्या नव्या थरात ३० टक्के जुना माल मिसळला, तरी सुमारे १८५ टन खडी आणि नऊ टनांच्या आसपास डांबर नव्याने विकत घ्यावे लागत नाही. उरलेला माल दुसऱ्या रस्त्यांना किंवा खालच्या थरांना कामी येतो. आपला देश गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो आणि डांबर त्याच तेलातून निघते. खडी डोंगर फोडून आणावी लागते. मग हा माल फुकटचा कसा?

यात आणखी एक लाभ आहे. न खरवडता थरावर थर चढवत गेले की रस्ता उंच होतो आणि पावसाचे पाणी गोरगरिबांच्या घरात शिरते. म्हणूनच चेन्नईत २०२१ साली, जुना थर खरवडल्याशिवाय नवा टाकू नये, असा आदेश तामिळनाडूच्या मुख्य सचिवांना काढावा लागला.

हे तंत्र काही कालपरवाचे नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने डांबरी रस्त्यांच्या पुनर्वापराची स्वतंत्र संहिता २०१५ सालीच प्रसिद्ध केली. न्यूयॉर्क शहराचे ब्रुकलिन व क्वीन्स येथे पालिकेच्या मालकीचे दोन डांबर प्लांट आहेत आणि तेथील मिश्रणात ४० टक्क्यांपर्यंत जुना माल वापरला जातो. आपल्याकडेही मुंबईत वरळीला आणि कलकत्त्यात पामर बाजारला पालिकांच्या स्वतःच्या प्लांटमध्ये पालिकेच्याच कामगारांनी वर्षानुवर्षे मिश्रण तयार केले आहे. तेव्हा सरकारी यंत्रणेला हे जमणार नाही, हे म्हणणे खरे नाही.

जुना माल घातला की रस्ता कच्चा होतो, अशी एक हरकत घेतली जाते. निष्काळजीपणा केला तर तसे होते, हे मान्य केले पाहिजे. जुना चुरा थेट ज्वाळेखाली गेला तर डांबर जळते व धूर होतो. ढीग उघड्यावर भिजला तर तो वाळवण्यातच इंधन जाते. न चाळता, न तपासता मिसळला तर कडक डांबरामुळे रस्त्याला तडे जातात. म्हणजेच या कामाला नुसते यंत्र पुरत नाही. अनुभवी प्लांट ऑपरेटर, मुकादम आणि प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ लागतो. दर हंगामाला बदलणाऱ्या कंत्राटी माणसाच्या हाती ही जाण कशी साठणार? शिवाय जुना माल वापरून नव्या मालाचे बिल लावण्याचा मोह कंत्राटदाराला झाला, तर तो अडवणार कोण? काही टेंडरांत जुन्या मालाची किंमत वजा धरलेली असते. पण माल वजनकाट्यावर चढलाच नाही, तर ती वजाबाकी कागदावरच राहते.

आणि येथेच आपल्या पोटाचा प्रश्न येतो. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी, जीएसटी लागू होताच बंद झाली. इतरही पालिका राज्याच्या अनुदानाकडे डोळे लावून बसल्या आहेत. तिजोरीत पैसा नाही, सबब भरती नाही, हे उत्तर आपण वर्षानुवर्षे ऐकतो. बिगाऱ्याची जागा रिकामी ठेवून पैसा वाचवणारे प्रशासन शेकडो टन सार्वजनिक माल वाऱ्यावर सोडते, हे कसले अर्थशास्त्र?

तथापि बचतीच्या नावाखाली कामगाराच्या जिवाशी खेळ होता कामा नये. मिलिंगच्या धुळीत दगडाची बारीक भुकटी असते, ती फुप्फुसात बसली तर सिलिकोसिस होतो. गरम मिश्रणाचे तापमान दीडशे अंशांच्या वर जाते आणि त्यावर पायाला पोते गुंडाळून काम करणारी माणसे आजही दिसतात. आपण डांबर म्हणतो त्यात दोन पदार्थ येतात, खनिज तेलाचे आणि दगडी कोळशाचे. कोळशाच्या डांबराने कर्करोग होतो, हे सिद्ध झालेले आहे. म्हणून खूप जुन्या रस्त्याचा थर पुन्हा तापवण्याआधी तो कोणत्या डांबराचा आहे, याची तपासणी झालीच पाहिजे.

यासाठी प्रत्येक पालिका युनियनने पुढील मागण्यांचा ठराव करावा :

१) खरवडलेला सर्व माल पालिकेची मालमत्ता मानावा. त्याचे वजन करून नोंदवही सर्वांना पाहण्यास खुली ठेवावी.

२) पुनर्वापराचा प्लांट पालिकेच्या मालकीचा असावा. लहान नगरपालिकांनी एकत्र येऊन तो उभारावा.

३) त्यातील नियमित कामावर कायम कामगार नेमावेत. सध्याच्या कंत्राटी कामगारांना प्रथम संधी व प्रशिक्षण द्यावे.

४) धूळ बसवण्यासाठी पाण्याचा फवारा, मास्क, गमबूट, हातमोजे आणि वार्षिक वैद्यकीय तपासणी बंधनकारक करावी.

५) होणाऱ्या बचतीचा हिशेब जाहीर करावा आणि ती रक्कम रस्त्यांच्या देखभालीवर व रिक्त पदे भरण्यावरच खर्चावी.

साथींनो, रस्ता जनतेच्या करातून आणि आपल्या घामातून तयार झाला. तो उखडला तरी त्यातला दगड आणि डांबर जनतेचेच राहते. पुढच्या वेळी आपल्या वॉर्डात रात्री डंपर भरताना दिसला, तर एवढेच विचारा : वजनाची पावती कुठे आहे?