कागदी विमान आणि रेडिमेड प्रोजेक्ट

दुसऱ्या महायुद्धात पत्रा, तांबं, रबर सगळं लढाईकडे वळलं आणि लहान मुलांची पंचाईत झाली. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये १९४२ पासून धातूच्या खेळण्यांवर बंधनं आली. मग पोरांनी खेळायचं कशाशी? कागदाशी!

अमेरिकेत रविवारच्या पेपरात, रंगीत कॉमिक्सच्या पानावर, कापून काढायच्या बाहुल्या आधीपासूनच येत. ‘टिली द टॉयलर’मध्ये तर वाचकांनी सुचवलेले कपडे त्यांच्या नावानिशी छापत. युद्धकाळात अशा कपड्यांत लष्करी गणवेशही आले. पेपराबाहेरही तेच. खेळण्यातल्या रेल्वे बनवणाऱ्या लायनेल कंपनीने १९४३ मध्ये चक्क पुठ्ठ्याची गाडी विकली. १९४४ मध्ये व्हीटीज या नाश्त्याच्या खोक्यांची झाकणं पाठवली, की वॉलिस रिग्बींनी आखलेली लढाऊ विमानं टपालाने घरी येत. कापायची, दुमडायची, चिकटवायची आणि नाकात एक पेनी बसवायची. पेनी कशाला? सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी पुढे आणायला!

आता सांगा, हे आपलं फर्स्ट इयरचं ‘डेव्हलपमेंट ऑफ सरफेसेस’ नाही तर काय? आपण मात्र शीटवर शंकू उलगडून काढतो, सर सही करतात, शीट ट्यूबमध्ये जाते. ते कापून वळवलं तर खरंच शंकू होतो का, हे कोणीच बघत नाही. त्या पोराचं माप चुकलं तर पंखच बसत नसे.

ती खेळणी निरागस होती असं मी म्हणत नाही. शाळकरी पोरांना लढाई गोड करून दाखवण्याचाच तो प्रकार. त्याचं कौतुक नको, टंचाईचंही नको. पण वस्तू आयती मिळत नव्हती म्हणून हात चालत होते, हे विसरून कसं चालेल?

आपल्याकडे मिनी प्रोजेक्ट दुकानात तयार मिळतो, रिपोर्टसकट. चौघे कॉन्ट्रिब्युशन काढतात, व्हायव्हाच्या आदल्या रात्री मॉडेल रूमवर येतं आणि एक्स्टर्नलने “हाच गिअर का?” विचारलं, की चौघे एकमेकांची तोंडं बघतात. अशाने डिग्री मिळेल हो, पण इंजिनिअर?

सर, मॅडम, एक विनंती. ई.डी.ची निदान एक शीट कापून-चिकटवून घ्या आणि मार्क त्या वस्तूला द्या. खर्च किती? एक कार्डशीट, डिंक आणि कात्री. आणि हॉस्टेलकरांनो, सरांची वाट कशाला बघायची? कॉमन रूममध्ये रद्दीचा ढीग पडलाय. सुरुवात तिथूनच करा. बघा, पटतंय का!