अर्ज कुणाचा दाखल होतो?

मैत्रिणींनो, निवेदनाची पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही, हे आपल्याला चळवळीनं शिकवलं. प्रत्येक गटाच्या कपाटात अशी एक फुगलेली फाईल असते. कलेक्टर, पोलीस अधीक्षक, मंत्री, सगळ्यांचे शिक्के तिच्यात. संसदेच्या याचिका समितीची पोच कुणाकडे असेल तर जरूर कळवा. (आपल्या विधिमंडळात अशाच समितीला विनंती अर्ज समिती म्हणतात.) त्या दाराशी आपण फारशा गेलोच नाही. दुसरे गेले, आणि पदरात काय पाडून आले ते नीट वाचण्यासारखं आहे.

७ सप्टेंबर २०११ ला राज्यसभेच्या याचिका समितीनं आपला १४० वा अहवाल मांडला. विषय होता भारतीय दंड संहितेचं कलम ४९८ अ. त्यात दुरुस्ती करा, असा अर्ज समितीकडे आला होता. समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, हेच पुढे २०१९ ते २०२३ आपले राज्यपाल होते. समितीच्या म्हणण्याचा मतितार्थ असा: हा गुन्हा मुळात ताणलेल्या वैवाहिक संबंधांतून होतो, त्याला दोन्ही पक्ष कमीअधिक जबाबदार असू शकतात, म्हणून समझोत्याची वाट मोकळी असावी. गुन्हा तडजोडपात्र करता येईल का, याचा सरकारनं विचार करावा.

कायद्यात शब्द आहे क्रूरता. बाईला आत्महत्येकडे ढकलणारी वागणूक, किंवा पैशासाठी केलेला छळ. समितीच्या लेखणीतून जाताना त्याचे झाले 'ताणलेले संबंध'! माहेरून पैसे आण म्हणून मारणारा आणि तो मार खाणारी, दोघंही कमीअधिक जबाबदार. सासरच्या ओसरीवर बसलेले पंच याहून वेगळं काय बोलतात?

आणि हे कागद तिथंच पडून राहत नाहीत. दुसऱ्याच वर्षी विधी आयोगानं २४३ व्या अहवालात समितीचं हे मत उद्धृत केलं आणि न्यायालयाच्या परवानगीनं तडजोडीची शिफारस केली. गुन्हा अजामीनपात्र राहू दिला एवढंच.

आता नियम बघा. कायद्यात ज्याची दाद मागायची सोय आहे किंवा जे न्यायालयाच्या कक्षेत येतं, त्यावर याचिका चालत नाही. म्हणजे पोलीस माझी तक्रारच लिहून घेत नाहीत असं सांगत एखादी मार खाल्लेली बाई आली, तर उत्तर ठरलेलं आहे: बाई, कायदा आहे, तिकडे जा. पण तोच कायदा ढिला करा असं म्हणत कुणी आला, तर तो 'सार्वजनिक हिताचा' विषय. त्याला आत जागा मिळते! शिवाय भाषा आदराची आणि संयमाची हवी. अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत नसेल तर सही केलेलं भाषांतर जोडायला हवं. ज्या खात्याविरुद्ध गाऱ्हाणं, अभिप्राय त्याच खात्याचा मागवतात. बैठका बंद दाराआड, आणि अहवाल मांडला जाईपर्यंत आत कोण काय बोललं ते बाहेर सांगायचं नाही. मारणाऱ्या घरातही हाच नियम असतो, घरातलं बाहेर सांगायचं नाही.

समित्या म्हणजे नुसता वेळकाढूपणा, असं आपल्यातल्या काहीजणी म्हणतात. मला ते पटत नाही. ४९८ अ आलं कुठून? हुंडा प्रतिबंधक कायदा का चालत नाही हे पाहायला १९८० च्या डिसेंबरात दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमली गेली, १९८२ मध्ये तिचा अहवाल आला, आणि १९८३ ला सरकारनं हे कलम आणताना त्या समितीचा आधार घेतला. पण त्या वर्षांत दिल्लीपासून पुण्यापर्यंत हुंडाबळींविरुद्ध मोर्चे निघत होते, समितीला कान झाकायची सोयच नव्हती. २०११ साली रस्त्यावरचा तो रेटा कुठं होता?

१ जुलै २०२४ पासून हे कलम भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ या क्रमांकांनी आलंय. क्रमांक बदलला. 'खोट्या तक्रारीं'ची ओरड तीच आहे, आणि पुढचा अर्जही येईल.

म्हणून माझी सूचना अशी. एकेका बाईची केस घेऊन या दाराशी जाऊ नका, नियम तिला परत पाठवणार. आपल्या सल्ला केंद्रांच्या नोंदवह्या काढा. पोलिसांनी किती बायकांना नोंद न करता घरी पाठवलं, किती जणींकडून समझोत्याच्या कागदावर अंगठा घेतला, ते वर्षावार मांडा. एकेका तक्रारीवर दाद मागायला कोर्ट आहे, पण सगळ्या ठाण्यांतून हीच रीत चालत असेल तर तो सार्वजनिक हिताचाच प्रश्न झाला. मागणी एकच ठेवा: नोंद नाकारलेल्या तक्रारींचा हिशेब प्रत्येक पोलीस ठाण्यानं द्यावा, आणि समितीनं त्यावर फक्त गृहखात्याचं नव्हे, बायकांचंही ऐकावं. अर्ज मराठीत लिहू, भाषांतर जोडू. संयमाची भाषा वापरायला मी तयार आहे. आकडे मात्र जसे आहेत तसेच लिहायचे.