पाणी मागणारा मुलगा

फराळाचे ताट पुढे असता आजाराचा विषय काढावा, हे कित्येकांना रुचणार नाही. पण लाडूवरून एका आईला नाहक बोल लागतो, तोही याच दिवसांत. म्हणून आजच बोलतो.

माझ्या वर्गात अकरा वर्षांचा एक मुलगा होता. दर तासाला पाणी मागे, लघवीला जाऊ द्या म्हणे. 'शाळा म्हणजे पाणपोई नव्हे,' असे मी त्याला दटावले. महिन्याभरात पोर वाळले. मग ओकाऱ्या, धाप. गावात पोटाचे औषध मिळाले. शहरातल्या इस्पितळात पोहोचला तेव्हा तो बेशुद्ध होता. वाचला, पण त्यात या मास्तराच्या शहाणपणाचा वाटा नव्हता. अतोनात तहान, वारंवार लघवी, घटते वजन, ही मधुमेहाची उघड वर्दी होती!

लोक म्हणाले, "आईने लाडू फार चारले!" ही निव्वळ थाप आहे. मुलांच्या या मधुमेहात शरीराची रोगप्रतिकारक शक्तीच स्वादुपिंडातील इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींचा नाश करते. तेथे नुसते पथ्य पुरत नाही, गोळी पुरत नाही. आणि कुणा जडीबुटीवाल्याच्या नादाने इन्शुलिन थांबवले, तर मूल हातचे जाते.

१९२२ च्या जानेवारीत टोरांटोच्या इस्पितळात लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्शुलिन टोचले गेले आणि तो जगला. शोधकांनी आपले पेटंट विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले. त्याला शंभरांहून अधिक वर्षे झाली. तरी आमच्या मुलाचा जीव शहर किती कोसांवर आहे यावर ठरावा काय?

कोणी म्हणेल, "गावात डॉक्टर आहेत की!" आहेत, पण मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. वाढ, खेळ, ताप यांप्रमाणे त्याची मात्रा बदलते. ती जाणणारा मुलांच्या ग्रंथींच्या विकारांचा तज्ज्ञ हवा, आईला टोचायला शिकवणारी परिचारिका हवी. हाच तज्ज्ञ जन्मतः थायरॉइड मंद असलेल्या बाळालाही हवा. टाचेतल्या रक्ताच्या थेंबाने ते ओळखता येते. पहिल्या पंधरवड्यात औषध सुरू झाले तर बुद्धी वाचते, उशीर झाला तर गेलेली परत येत नाही.

तेव्हा माझे मागणे स्पष्ट आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात ठरलेल्या वारी असा तज्ज्ञ बसावा. इन्शुलिन आणि साखर तपासण्याच्या पट्ट्या प्रत्येक मुलाला फुकट मिळाव्यात. रोजंदारी बुडवून आईने पुण्या-मुंबईची वारी करायची, याला व्यवस्था म्हणत नाहीत!

आणि आम्ही मास्तरांनीही शिकावे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये अशा विद्यार्थ्यांना परीक्षेला खाऊ आणि पाणी जवळ ठेवण्याची मुभा दिली. कारण रक्तातली साखर एकाएकी उतरली, तर खिशातली साखरच त्यांचे औषध असते.

तो मुलगा आता पहिल्या बाकावर बसतो; पाण्यासाठी परवानगी मागत नाही. तुमच्या घरी या दिवाळीत एखादे मूल पुन्हा पुन्हा पाणी मागू लागले, तर त्याला दटावू नका. त्याच दिवशी त्याचे रक्त तपासून घ्या.