चुकलेली तारीख, गाळलेला माणूस



घरात मालिका चालू असते आणि शाळकरी पोर मध्येच ओरडते, "आई, मघाशी तिची साडी हिरवी होती, आता निळी कशी?" आपण त्याला गप्प बसवतो. वास्तविक त्याची पाठ थोपटली पाहिजे. पडद्यावरचे सगळेच खरे मानायचे नसते, हा धडा ते आपले आपणच शिकले!

अशा चुका मोठमोठ्यांच्याही होतात. 'मॅश' ही अमेरिकेतील गाजलेली विनोदी मालिका घ्या. कोरियाच्या युद्धात लष्कराच्या फिरत्या रुग्णालयात शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांची ही कथा. ते युद्ध जून १९५० मध्ये सुरू झाले आणि जुलै १९५३ मध्ये थांबले. मालिका मात्र १९७२ ते १९८३ अशी ११ वर्षे चालली! मग तारखांचा मेळ बसणार कसा?

१९७५ साली दाखवलेल्या भागात कर्नल पॉटर रुग्णालयात रुजू होतात, तारीख १९ सप्टेंबर १९५२. पुढे १९८० च्या एका भागात १९५१ हे सबंध वर्ष दाखवले, तर त्यात पॉटरसाहेब हजर! नेमणुकीआधीच हजेरीपटावर सही! नायक डॉ. हॉकाय सुरुवातीला पत्रातून आई-बहिणीची आठवण काढतो. नंतर कळते, तो एकुलता एक आणि आई तो १० वर्षांचा असतानाच वारलेली. या चुकांवर हसावे आणि सोडून द्यावे.

पण एक चूक हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पहिल्या वर्षी या डॉक्टरांच्या तंबूत डॉ. जोन्स हा कृष्णवर्णीय शल्यविशारद होता. त्याला हाक मारायची ती 'भालाफेक्या' या अर्थाच्या, काळ्या लोकांना हिणवणाऱ्या शब्दाने! काही भागांनंतर तो दिसेनासा झाला. बदली नाही, निरोप नाही, कोणी चौकशीही केली नाही. कारण असे सांगण्यात आले की, कोरियातील अशा रुग्णालयांत कृष्णवर्णीय शल्यविशारद नव्हतेच.

हे खरे होते काय? नव्हते. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी १९४८ सालीच सैन्यातील वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला होता, आणि कोरियात कृष्णवर्णीय शल्यविशारदांनी काम केलेले आहे. म्हणजे इतिहासाचे नाव पुढे करून खऱ्या माणसांनाच इतिहासातून वगळले! पॉटरसाहेबांची तारीख चुकली म्हणून कोणाचे काही बिघडले नाही. पण जोन्स गेला आणि घरोघरी पोरांनी पाहिले, ते एवढेच की शस्त्रक्रिया करणारे हात गोरेच असतात. काळ्या आईबापांच्या पोरांनीही तेच पाहिले.

तेव्हा आपले पोर साडीची चूक पकडेल, तेव्हा त्याला शाबासकी द्या. आणि त्याच्याजवळ बसून आणखी एक प्रश्न विचारायला शिकवा : या गोष्टीत कोण असायला हवे होते आणि दिसत नाही?