चिठ्ठी आली, टोळी आली का?



ऊसतोडणीची चिठ्ठी हाती आली म्हणजे टोळी फडात उतरलीच, असे नसते, हे आपण जाणता. पिकाच्या पेशीतही असेच घडते.

पान हिरवे ठेवणे, मूळ वाढवणे, दाणा भरणे ही कामे प्रथिने करतात. कोणते प्रथिन कसे बनवायचे, हे पेशीच्या केंद्रकात डीएनएमध्ये नोंदलेले असते. त्याची नक्कल उतरून जो निरोप बाहेर येतो त्यास संदेशवाहक आरएनए म्हणतात. ही झाली चिठ्ठी. चिठ्ठी वाचून अमिनो आम्लांची साखळी जोडणारे यंत्र म्हणजे रायबोसोम. एका चिठ्ठीवर असे अनेक रायबोसोम ओळीने काम करतात. ती झाली टोळी.

1970 साली कॅलिफोर्नियात मक्याच्या रोपांवर प्रयोग झाला. पाण्याचा ताण पडताच चिठ्ठ्यांवर काम करणारे रायबोसोम कमी झाले आणि पाणी देताच काही तासांत पुन्हा वाढले. परंतु हे पाहण्यासाठी रोप वाटावे लागे. वाटलेल्या रोपावरून सर्व पेशींची सरासरी कळते. एकेका चिठ्ठीवर काय चालले आहे, हे कळत नाही.

जिवंत पेशीत डोकावण्याची वाट एका समुद्री जेलीफिशने दाखवली. तिच्यातील हिरवे चमकणारे प्रथिन ओसामू शिमोमुरा यांना 1962 साली सापडले. ते इतर जीवांतही चमकते, हे मार्टिन चाल्फी यांनी 1994 साली दाखवले. रॉजर त्सिएन यांनी त्याच्या निरनिराळ्या रंगछटा तयार केल्या. तिघांना 2008 चे नोबेल पारितोषिक मिळाले. अडचण एकच होती. हे प्रथिन तयार झाल्यावर चमकू लागण्यास काही मिनिटे घेते. तोवर टोळी काम आटोपून गेलेली असते.

2016 साली अमेरिकेतील कोलोरॅडो स्टेट विद्यापीठासह अनेक प्रयोगशाळांनी यावर तोड काढली. चमकणारे कण पेशीत आधीच तयार ठेवले. साखळीचा पहिला तुकडा रायबोसोममधून बाहेर येताच हे कण त्याला चिकटतात. चिठ्ठीला दुसरा रंग दिला. जेथे दोन्ही रंग एकत्र दिसतात, तेथे प्रथिन बनत आहे, असे समजावे.

काय दिसले? रायबोसोम सेकंदाला साधारण 3 ते 10 अमिनो आम्ले जोडतो. एकाच पेशीतील, एकाच मजकुराच्या चिठ्ठ्यांपैकी काहींवर काम जोरात चालू होते, तर काही नुसत्या पडून होत्या. पडून असलेली चिठ्ठी पुढे कामाला लागत होती आणि चालू काम थांबतही होते. म्हणजे चिठ्ठ्या मोजून उत्पादन कळत नाही. काम कधी चालू करायचे व कधी थांबवायचे, याचे नियंत्रण पेशी चिठ्ठीवरही ठेवते.

हे चित्रण प्रयोगशाळेतील माणसाच्या पेशींवर झाले. त्यावरून पिकासाठी शिफारस काढणे घाईचे होईल. मक्याच्या प्रयोगाचा धडा मात्र आपल्या कामाचा आहे. बियाणे उत्तम असले, म्हणजे नोंदी चोख असल्या, तरी ताणात टोळी काम थांबवते. म्हणून विहिरीत पाणी मोजकेच असेल, तर मक्याला तुरा येताना आणि दाणे भरताना पाळी चुकवू नका. त्या दिवसांत थांबलेल्या कामाची भरपाई पुढे खत टाकून होत नाही.