तीन दिवसांचा भिक्खू

मोठ्या जोशात काम हाती घेऊन चार दिवसांत टाकून देणाऱ्याला आपण आरंभशूर म्हणतो. जपानी लोक त्याला ‘मिक्का-बोझू’ म्हणतात. मिक्का म्हणजे तीन दिवस, बोझू म्हणजे भिक्खू. मुंडन करून विहारात गेला खरा, पण पहाटेचे उठणे, झाडलोट, साधे जेवण काही झेपेना. चौथ्या दिवशी स्वारी घरी! आता हा शब्द कुणालाही लावतात. डायरी लिहिणे सोडले, व्यायाम सोडला, की झाला मिक्का-बोझू.

आम्हाला ही थट्टा थोडी खटकते. चीवर उतरवून पुन्हा गृहस्थ होण्याची मुभा विनयातच आहे. आपल्याकडे मुले दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिराला जातात. ठरलेले दहा दिवस पुरे करून घरी आलेला मुलगा मिक्का-बोझू कसा?

अर्धवट तुटलेल्या गोष्टीला किंवा भाषणाला त्यांच्याकडे ‘शिरिकिरे-तोंबो’ म्हणतात, म्हणजे शेपूट तुटलेला चतुर. पण सगळ्यांत बोचरा शब्द ‘र्‍यूतो-दाबी’. डोके ड्रॅगनचे, शेपूट सापाचे. हा चीनमधल्या छान पंथाकडून आला. छान म्हणजे आपले ध्यान, पालीतले झान. जपानात त्याचेच झेन झाले. १२ व्या शतकातल्या एका चिनी ग्रंथात याची गोष्ट आहे. मूझोऊ नावाच्या गुरूंनी एका भिक्खूला, कोठून आलास, असे विचारले. उत्तराऐवजी त्याने जोराची आरोळी ठोकली. त्या काळी आरोळी हे मोठ्या गुरूंचे लक्षण समजत. गुरू शांत राहिले. त्याने दुसरी ठोकली. तेव्हा गुरूंनी विचारले, अशा तीन-चार आरोळ्या झाल्यावर पुढे काय? भिक्खू गप्प. आरोळी त्याची नव्हतीच, उसनी होती.

ही गोष्ट वाचली आणि आम्हाला आपल्या वस्त्या आठवल्या. १४ एप्रिलला विहारात पाय ठेवायला जागा नसते. घोषणांनी गल्ली दणाणते, आणि दणाणलीच पाहिजे. पण जूनमधल्या एखाद्या रविवारी वंदनेला किती माणसे बसतात? मुलांचा अभ्यासवर्ग चालू असतो का, की खोलीला कुलूप आणि आत मंडपाचे बांबू?

बारा महिने वंदना आणि वर्ग चालवणारे विहारही आहेत. त्यांनी हे कसे जमवले, किल्ली कोणाकडे असते, शिकवायला कोण येते, हे आम्हाला पोस्टकार्डावर का होईना, जरूर कळवावे.