हुजूरपागेची एकशेचाळीस वर्षे आणि चार वर्षांची दरी

पुण्यातील ज्या मुलींच्या हायस्कुलास सर्व महाराष्ट्र ‘हुजूरपागा’ या नावाने ओळखतो, ते १८८४ साली स्थापन झाले. म्हणजे २०२४ साली त्यास एकशेचाळीस वर्षे पूर्ण झाली. ज्या जागेवर एके काळी पेशव्यांच्या खास पागेचे घोडे बांधले जात, त्याच जागेवर मुलींच्या हाती इंग्रजी व गणिताची पुस्तके द्यावी, असा विचार वामन आबाजी मोडक, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर व शंकर पांडुरंग पंडित यांच्या मनात आला आणि त्यांनी तो तडीस नेला. देशी लोकांनी आपल्या हिमतीवर चालविलेल्या मुलींच्या हायस्कुलांत इतके जुने हायस्कूल हिंदुस्थानात विरळाच. अशा संस्थेचे अभिनंदन करणे हे प्रत्येक वर्तमानपत्राचे कर्तव्य आहे व ते आम्ही आनंदाने करितो. परंतु शाळेचा वाढदिवस म्हणजे केवळ हारतुऱ्यांचा दिवस नव्हे. दुकानदार ज्याप्रमाणे दिवाळीस वही उघडून जमा किती व येणे किती हे पाहतो, त्याप्रमाणे समाजानेही अशा दिवशी आपली वही उघडून पाहिली पाहिजे.

प्रथम जमेची बाजू पाहू. हे हायस्कूल कोणत्या काळात निघाले, हे आजच्या तरुण वाचकांस सांगितल्यावाचून त्याची थोरवी ध्यानी यावयाची नाही. त्याच्या छत्तीस वर्षे आधी, १८४८ साली, जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा घालून वाट पाडली होती. १८८२ साली शिक्षणाच्या चौकशीसाठी आलेल्या हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी बहुजनसमाजाच्या प्राथमिक शिक्षणाची कैफियत मांडली व पंडिता रमाबाईंनी स्त्रियांच्या शिक्षणाची. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकण्यास अमेरिकेस गेल्या. १८८४ साली बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह व सक्तीचे वैधव्य या विषयांवरील आपली टिपणे प्रसिद्ध करून सर्व देशभर वाद उठविला. त्याच सालच्या ऑक्टोबरात पुण्यास डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. मुलींसाठी हायस्कूल असावे अशी मागणी करणारे भाषण रमाबाई रानडे यांनी भर सभेत इंग्रजीतून वाचून दाखविले. स्त्रीने सभेत उभे राहणे हेच जेथे अनुचित, तेथे तिने इंग्रजी वाचणे म्हणजे काय प्रकार झाला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आणि याच १८८४ साली मुंबईच्या हायकोर्टात एक दावा दाखल झाला. वयाच्या अकराव्या वर्षी जिचे लग्न लावून दिले होते त्या रखमाबाईने आपल्या घरी नांदावयास यावे, यासाठी दादाजी भिकाजी याने तो लाविला होता. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ साली दावा काढून टाकिला. परंतु अपिलात तो पुन्हा सुनावणीस आला आणि १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला की, तिने नवऱ्याकडे जावे, नपेक्षा तुरुंगात जावे. रखमाबाईने तुरुंग पत्करीन असे उत्तर दिले. अखेर १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली, रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या व परत येऊन त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. कायद्याचा अभ्यास केलेल्या आमच्यासारख्यांस या खटल्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. कोर्टापुढे प्रश्न नवराबायकोच्या हक्कांचा होता. परंतु समाजापुढे जो प्रश्न खरोखर उभा होता तो असा की, अकराव्या वर्षी दुसऱ्यांनी दिलेली संमती शिकलेल्या व जाणत्या झालेल्या स्त्रीस जन्मभर बांधू शकते काय? लग्न लवकर झाले तर शाळा सुटते आणि शाळा टिकली तर लग्न लांबते, हे दोन्ही पक्षांस पक्के ठाऊक होते. म्हणूनच मुलींच्या हायस्कुलावर एवढे रण माजले.

ते रण कसे माजले, हेही झाकून ठेवण्याचे कारण नाही. ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांतून या शाळेच्या अभ्यासक्रमावर व वेळांवर कडक टीका झाली. मुलींस इंग्रजी कशाला, दिवसभर शाळा कशाला, घरकाम कोण करणार, असे आक्षेप घेण्यात आले. लोकमान्यांच्या राष्ट्रसेवेबद्दल आमच्या मनात जो आदर आहे तो यत्किंचितही कमी न होऊ देता आम्हांस म्हटलेच पाहिजे की, या प्रश्नी काळाने त्यांच्या बाजूने निकाल दिला नाही. तो आगरकरांच्या बाजूने दिला. स्त्रीपुरुषांस एकच शिक्षण द्यावे, असे आगरकरांनी ‘सुधारका’तून निर्भयपणे सांगितले. १९०५ साली जन्मलेल्या इरावती कर्वे याच हुजूरपागेत शिकल्या व पुढे समाजशास्त्र व मानवशास्त्र या विषयांत त्यांनी देशाचे नाव मोठे केले. ज्यास आगरकरांचे म्हणणे अद्याप पटले नसेल, त्याने हे एकच नाव आठवावे.

त्या काळी विरोधकांच्या हाती एक मुद्दा मात्र वजनदार होता. १८९१ साली संमतिवयाची मर्यादा दहांवरून बारा वर्षांवर नेणारा कायदा झाला, तेव्हा ते म्हणत की, आमच्या घरात हात घालण्याचा अधिकार परक्या सरकारास नाही. आमचे आम्ही पाहून घेऊ. आम्ही स्वराज्याचे अभिमानी असल्यामुळे या म्हणण्यातील स्वाभिमान आम्हांस समजतो. परंतु १९४७ साली परके सरकार गेले. १९५० साली आपण आपली राज्यघटना अंमलात आणिली. तेव्हा तो मुद्दा आता कोणासही उपयोगी नाही. ‘आमचे आम्ही पाहून घेऊ’ असे वचन ज्यांनी दिले, त्यांच्या वंशजांकडे त्या वचनाचा हिशेब मागण्याचा समाजास पूर्ण हक्क आहे.

आता येण्याची बाजू. राज्यघटनेच्या ४५ व्या कलमाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांस दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा संकल्प सांगितला होता. तो दहा वर्षांत पुरा झाला नाही. २००२ साली घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, २००९ साली त्याचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अंमलात आला. हा हक्क सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा. दुसऱ्या बाजूने विवाहाचा कायदा पाहा. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरविले. १९७८ साली ते अठरा झाले. २००६ च्या कायद्याने बालविवाहास मनाई अधिक कडक केली. हे दोन कायदे शेजारी शेजारी ठेवून वाचले की एक विलक्षण गोष्ट नजरेस येते. मुलीस शाळेत ठेवण्याचे सरकारचे बंधन चौदाव्या वर्षी संपते आणि तिचे लग्न करण्याची मोकळीक अठराव्या वर्षी मिळते. मधली चार वर्षे कोणाची? हीच हायस्कुलाची वर्षे! रानडे-मोडकांनी ज्या वयासाठी शाळा काढिली, नेमक्या त्याच वयाच्या मुलीस आमच्या कायद्याने वाऱ्यावर सोडिले आहे.

याचा परिणाम काय होतो, ते सरकारी आकडेच सांगतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी शेकडा सुमारे बावीस जणींचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वी झाले असल्याचे आढळले. परभणी व बीड जिल्ह्यांत हे प्रमाण शेकडा चाळिसाच्या वर आहे. ऊसतोडीसाठी दरसाल पाच-सहा महिने घर सोडून जाणाऱ्या कुटुंबाने वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर मागे ठेवावी? गावात शाळा आठवीपर्यंत, पुढची शाळा कोसांवर, वसतिगृह नाही, वाटेची भीती. मग बाप तिचे लग्न उरकतो. त्या बापास नुसता दोष देऊन आमचे काम भागत नाही. आणि कायदा तरी त्या मुलीस काय देतो? असे लग्न बहुतेक प्रसंगी आपोआप रद्द होत नाही. ते रद्द करून घेण्यासाठी त्या मुलीनेच कोर्टाची पायरी चढावयाची, आणि तीही सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत. रखमाबाईच्या पाठीशी शिकलेले सावत्र वडील व मुंबईतील मोठी मंडळी होती. तांड्यावरच्या मुलीच्या पाठीशी कोण आहे?

कोणी म्हणेल की, मुलींस फी माफ आहे, धोरणेही चांगली आहेत. आहेत, आणि त्यांचे श्रेय ज्याचे त्यास द्यावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अठरा वर्षांपर्यंतचे शिक्षण सर्वांस मिळावे असा हेतू सांगितला आहे. परंतु सवलत म्हणजे हक्क नव्हे आणि हेतू म्हणजे कायदा नव्हे. सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. हक्क मागणाऱ्याच्या तोंडी असतो. फी माफ झाली तरी दहा मैलांची वाट माफ होत नाही. दुसरा कोणी म्हणेल की, लोक तयार नसता कायदा करून काय फळ? हा आक्षेप १८९१ सालीही होता व १९२९ सालीही होता. लोक कधी तयार होतात? शाळा जवळ आली की तयार होतात. न्यायमूर्ती रानडे लोकांच्या तयारीची वाट पाहत बसले असते, तर हुजूरपागेच्या जागेवर आज दुसरेच काही उभे असते.

म्हणून आमची मागणी थोडी व स्पष्ट आहे. शिक्षणाच्या हक्काची वयोमर्यादा चौदांवरून अठरा करावी, म्हणजे दोन कायद्यांमधील दरी बुजेल. ज्या तालुक्यांतून कुटुंबे स्थलांतर करितात, तेथे मुलींसाठी बारमाही, सुरक्षित वसतिगृहे काढावी व हायस्कुलापर्यंत गाडीची सोय करावी. आठवी उत्तीर्ण झालेली जी मुलगी नववीच्या हजेरीपटावर दिसत नाही, तिची चौकशी ठरावीक दिवसांत करण्याची जबाबदारी नावानिशी एका अधिकाऱ्यावर टाकावी.

आणि आमच्या व्यापारी वाचकांस दोन शब्द. हुजूरपागेसारख्या संस्था केवळ सरकारच्या तिजोरीवर उभ्या राहिल्या नाहीत. संस्थानिकांनी जागा दिल्या, गृहस्थांनी वर्गणी दिली. आपल्या पेठेतील एखाद्या शाळेचा सुवर्ण वा शतक महोत्सव आला म्हणजे मांडव, फेटे व स्मृतिचिन्हे यांवर जो खर्च होतो, त्यातील अर्धा तरी आडगावच्या मुलींच्या वसतिगृहातील खाटांसाठी काढून ठेवावा. एका मुलीची चार वर्षे सांभाळण्यास जो खर्च येतो तो मोठा नव्हे. आणि त्या मुद्दलावर पुढील पिढी जे व्याज देते, तसे व्याज कोणतीही पेढी देत नाही.

एकशेचाळीस वर्षांपूर्वी प्रश्न असा होता की, मुलीने हायस्कुलात जावे की नाही. तो प्रश्न सुटला. आज उघडपणे ‘नाही’ म्हणण्याची कोणाची छाती नाही. उरला आहे तो एवढाच की, प्रत्येक मुलीस तेथे पोहोचविण्याचे बंधन आपण स्वतःवर घालून घेणार की नाही. याचे उत्तर परक्या गव्हर्नराने द्यावयाचे नाही. ते आपल्या विधिमंडळाने व आपण सर्वांनी द्यावयाचे आहे.